एकाच गाठीची जाणीव

मनोलेखन प्रयोगशाळेतल्या खुर्चीत डॉ. इंदुमती सबनीस डोक्यावर जाळीची टोपी घालून बसल्या होत्या, आणि पडद्यावर एक युवराज भरल्या ताटापुढे रडत होता. जुन्या शोकांतिकेचा शेवटचा अंक. ज्या मामानं घास भरवून वाढवलं त्यालाच गादीसाठी विष घातलं. आता राज्याभिषेकाच्या पंगतीत घास घशाखाली उतरेना.

"थेट विचारलं की मन दार लावून घेतं," त्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत, "दुसऱ्याचं पाप पाहताना मात्र दार लोटायला विसरतं." नेमक्या त्या क्षणी मेंदूतली अपराधाची पेशीगाठ उजळते, आणि टोचणीशामक नावाचं यंत्र ती विझवतं. शोध त्यांचाच. उद्या त्याचा मोठा सन्मान होता, आणि भाषणात आपले गुरू दिघेसर यांच्या नावापाशी जीभ अडखळणार होती. एकवीस वर्षांपूर्वी मूळ शोधनिबंधावरचं सरांचं नाव त्यांनीच खोडलं होतं. ती टोचणी विझवून घ्यायला आज स्वतः खुर्चीत.

"सापडली," सहकारी डॉ. फारूक तांबोळी म्हणाला. हात मात्र बटणाकडे जाईना.

"मुहूर्त बघतोयस का?"

"मॅडम, मामा घास भरवतो त्या प्रवेशालाही हीच गाठ उजळली. तिथं कसला अपराध? तिथं तर तुमचे डोळे भरले होते."

"म्हणजे?"

"अपराधाची जाणीव, उपकाराची जाणीव. गाठ एकच. बोरीचा काटा आणि बोर एकाच फांदीवर. फांदी छाटली की दोन्ही गेलं."

"चाळीस जणांवर उपचार केले. एकाचीही तक्रार नाही."

"आभारही नाहीत, मॅडम. चाळीस माणसं बरी होऊन गेली. पेढे सोडा, साधी चिठ्ठी नाही. आपण म्हणालो, कामात असतील."

इंदुमतीबाईंना सरांकडचे विद्यार्थीदशेतले दिवस आठवले. सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात त्या रडल्या होत्या, तेव्हा सरांनी आपला चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला होता. पोरीला नंबर आहे हे आईबापांनाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी जग पहिल्यांदा रेखीव दिसलं. गाठ विझली तर ते आठवेल, पण कोरडं आठवेल?

त्यांनी टोपी काढली आणि सरांना फोन लावला. खोडलेलं नाव, मोठं होण्याची हाव, ही गाठ, सगळं सांगितलं.

पलीकडे सर खोकले. "म्हणजे तुझ्या यंत्रानं मलाही पकडलं म्हण की."

"तुम्हाला?"

"तुझं नाव निघालं की माझे डोळे भरतात. घरचे म्हणतात, केवढं मन. पण त्यात टोचणीही आहे, हे त्यांना ठाऊक नाही. इंदू, त्या निबंधातलं गणित चुकलं होतं. मला दिसलं होतं. हसं व्हायचं ते तुझ्या एकटीचं होऊ दे, म्हणून मी नावासाठी भांडलो नाही. तू तीन वर्षं खपून ते गणित सुधारलंस, माझी कल्पना बुडू दिली नाहीस."

इंदुमतीबाईंना आधी हसू आलं, मग हुंदका.

"उद्या दोघांची नावं सांगते, सर."

"चुकलेलं गणितही सांग."

फोन ठेवून त्यांनी फारूककडे चाळीस जणांची यादी मागितली. त्यांची विझवलेली गाठ पुन्हा उजळवता येते का, पाहायचं होतं.

"ते कशाला येतील, मॅडम? त्यांना आता काही टोचत नाही."

"म्हणून तर आपण जायचं," त्या चपला चढवत म्हणाल्या. "आपल्याला टोचतंय ना."