चांदणीच्या जबड्यातला लेप

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी दात बघतं. सकाळपासून चांदणीचं तोंड किती जणांसाठी उघडलं गेलं, त्याला गणती नव्हती.

पशुवैद्य सुलभा वळवी आल्या तेव्हा घोडीच्या गळ्यात निळा पट्टा नव्हता. पट्ट्याचा अर्थ साधा होता: उपचार चालू आहेत, तोंडाला हात लावू नका. मालक जयपालसिंग गिरासे यांनी तो काढून चक्क खिशात घातला होता. विकायला बसलेल्या माणसाला लाज कमीच, पण इतकी?

"गाठ विरघळली, डॉक्टरीणबाई. पट्ट्यानं लोक घोडी आजारी समजतात."

"गाठ विरघळली, पण लेप अजून जिवंत आहे! बजावलं नव्हतं मी?"

चांदणीच्या हिरडीवर कर्करोगाची गाठ होती. पूर्वी अशा वेळी जबडा कापावा लागे. आता जिवंत पेशींचा लेप लावत. त्या एका घोडीच्या निरोगी पेशी तेवढ्या ओळखायला तो शिकलेला असे. बाकी सगळं कुरतडून टाकी. काम संपलं की आठवड्याभरात आपोआप मरे.

"दुसऱ्याच्या तोंडात गेला तर तिथली प्रत्येक पेशी त्याला गाठच वाटते. कळतंय का?"

गिरासे हसले. तेवढ्यात शेजारच्या दावणीला ओरडा झाला. एका तट्टाच्या तोंडातून रक्त गळत होतं. चांदणीचे दात चाचपलेली बोटं कुणीतरी तशीच त्याच्याही तोंडात घातली होती.

सुलभाताईंनी धावत जाऊन उताऱ्याचं इंजेक्शन टोचलं आणि जांभळा दिवा लावला. त्या उजेडात लेप हिरवा दिसतो. तट्टाच्या हिरड्या हिरव्यागार झाल्या होत्या. सुलभाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुक्या जनावराला सांगता येत नाही, आणि तुम्हाला कान असून ऐकू येत नाही!"

मागोमाग आलेले गिरासे मान खाली घालून तळहातावर तंबाखू मळू लागले. सुलभाताईंची नजर त्या बोटांवर खिळली.

"गिऱ्हाइकांना चांदणीचं तोंड कोण उघडून दाखवत होतं?"

"मीच की."

"आणि मधेमधे हे खात होतात? तोंड उघडा."

त्यांनी दिवा जवळ नेला. खालच्या ओठाच्या आत हिरवा पट्टा चमकला.

"सकाळपासून चुरचुरतंय खरं," गिरासे पुटपुटले. "तंबाखूनं असेल म्हटलं. मलाही द्या ना ते इंजेक्शन."

सुलभाताईंनी दुसरी सिरिंज भरली. राग उतरला नव्हता, पण सुई दंडाजवळ नेऊन त्या थांबल्या.

"हे घोड्यांचं आहे, गिरासे. माणसाला आजवर कुणी दिलेलंच नाही. टोचू?"