काउंटेसची उडी आणि ब्रुनोची जर्सी

"ब्रुनो, आधी ती जर्सी काढ!" हासिंता क्लबच्या दारातच ओरडली. "माएस्त्रोंनी पाहिली तर दोघांचीही नाटकातून हकालपट्टी!"

"पेन्यारोल फुटबॉल संघाची जर्सी आहे, साप नाही!" ब्रुनो फुरंगटला. तरी त्याने ती काळी-पिवळी जर्सी काढून पिशवीत कोंबली. मंचावर पिवळा रंग म्हणजे अपशकुन, हे माँतेविदेओतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नाटक बसवणाऱ्या माएस्त्रो एवारिस्तोंनी तर पिवळी फुलं घेऊन आलेल्या चाहतीलाही एकदा पिटाळून लावलं होतं.

कार्निव्हलची सुट्टी होती. पाच वाजता क्लबच्या अंगणात प्रयोग होता, जुन्या ऑपेरेटांची, म्हणजे गोडगोड संगीतिकांची, मनसोक्त टर उडवणारा. त्यातली काउंटेस आठ वेळा बेशुद्ध पडायची. तिचा सरदार निरोपाचं गाणं इतकं लांबवायचा की त्याची गाडी सुटून दुसरी यायची! सरदार होते स्वतः माएस्त्रो आणि काउंटेस होते हासिंताचे पापा, एकशेदहा किलोंचे बेकरीवाले. सात वर्षं कोरसमध्ये मागे उभं राहून त्यांना ही भूमिका मिळाली होती. शेवटी त्यांनी बाल्कनीतून सरदाराच्या पुढ्यात उडी मारायची होती. तालमीत ती गादीवर व्हायची, आज पहिल्यांदाच मंचावर होणार होती.

मंच झाडताना हासिंता थबकली. सगळ्या फळ्यांचा रंग उडालेला, मग बाल्कनीखालच्या या तीनच फळ्या ताज्या काळ्या कशा? तिने नखाने खरवडलं. खालून पिवळा रंग निघाला. भली मोठी फुली होती ती!

"मंचावर पिवळी फुली?" ब्रुनोचे डोळे विस्फारले. "काढली कोणी?"

"आणि बुजवली कोणी? चल, खाली शिरू."

दोघं मंचाखाली सरपटत गेली. टॉर्चच्या उजेडात तुळई दिसली. हासिंताने बोटाने दाबलं, तर बोट आतच गेलं! वाळवीने ती पार पोखरली होती. बाजूला सुतार सोसाने खडूने लिहिलं होतं, 'फुलीवर पाय ठेवू नका. शनिवारी बदलतो.'

आज शुक्रवार होता. आणि बरोबर त्या जागेखाली जुन्या दिव्यांचे लोखंडी गज टोकं वर करून रचलेले होते.

दोघं धावत माएस्त्रोंकडे गेली. ते आरशासमोर मिशी चिकटवत होते. "ती फुली? मीच बुजवली! सोसाला माझी खोड काढायची सवयच आहे. मागच्या वर्षी माझ्या खुर्चीत पिवळा रुमाल ठेवला होता गाढवाने!"

"पण माएस्त्रो, तुळई पोखरलीय! आम्ही स्वतः पाहिलं!"

"पोरी, चाळीस वर्षं नाचतोय मी या मंचावर. पळा आता!"

ती पापांकडे धावली. ते झग्याचे बंद आवळत होते. "हासी, माझी काळजी वाटते होय गं? वीस वेळा मारलीय ती उडी. आज माझा दिवस आहे, राणी. नाट लावू नकोस."

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात ढोल वाजले.

प्रयोग रंगला. प्रेक्षक पोट धरधरून हसत होते. विंगेत मोलकरणीच्या वेषातली हासिंता मात्र घामाने भिजली होती. आरडाओरडा केला तर या ढोलांत ऐकणार कोण? पापा बाल्कनीत चढले. काउंटेस आठव्यांदा बेशुद्ध पडली. आता हासिंताने अत्तराची बाटली घेऊन मंचावर जायचं होतं; वासाने शुद्धीवर आलेली काउंटेस उठून उडी मारणार होती.

ती शेजारी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या ब्रुनोकडे वळली. "ब्रुनो, जर्सी दे! फुलीवर टाकते."

"जमिनीवर टाकणार? वेड लागलंय?"

"पापा मरतील रे!"

ब्रुनोने पिशवीतून जर्सी ओढून काढली आणि तिच्या हातात दिली.

हासिंता मंचावर धावली आणि फळ्यांच्या कडेला उभं राहून तिने जर्सी फुलीवर फेकली. अर्धं अंगण जल्लोषात उठलं, उरलेल्या अर्ध्याने, म्हणजे विरोधी संघाच्या चाहत्यांनी, हुर्यो उडवली!

"पिवळं!" माएस्त्रो किंचाळून मागे उडाले. उडीसाठी उठून कठड्यावर चढलेले पापाही जागच्या जागी थिजले. पिवळ्यावर उडी? छे!

"उचल ते!" माएस्त्रो दात-ओठ खात म्हणाले.

"नाही उचलणार!"

जर्सीला हात लावायची माएस्त्रोंची हिंमत नव्हती. ती झाकायला त्यांनी मंचाच्या कडेला ठेवलेली काउंटेसची प्रवासाची लोखंडी पेटी लांबूनच पायाने तिच्यावर ढकलली.

कडाड्! फळ्या मोडल्या, पेटी खाली गेली आणि गजांवर आदळून खणखणली.

प्रेक्षकांना तो नाटकातलाच विनोद वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला! माएस्त्रो मात्र भोकाकडे बघत राहिले, गाणंच विसरले. कठडा घट्ट धरून पापांनी सूर लावला, "सरदारा, आज मी जिन्यानेच येते!" आणि झगा सावरत ते खरंच जिन्याने उतरले. अंगण पुन्हा हसलं. पापांनी मात्र सगळ्यांसमोर हासिंताला घट्ट मिठी मारली.

पडदा पडल्यावर माएस्त्रो टॉर्च घेऊन एकटेच मंचाखाली गेले. वर आले ते धुळीने माखून, अर्धी मिशी लोंबत आणि हातात चक्क ती जर्सी घेऊन. त्यांनी ती झटकली, नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी ब्रुनोपुढे धरली.

"चाळीस वर्षं मी या रंगाला घाबरलो," ते म्हणाले. "आज त्यानेच माझी काउंटेस वाचवली. त्याने आणि तुम्ही दोघांनी. पोरी, माझं चुकलं. मी तुझं ऐकायला हवं होतं."

मग त्यांनी सुताराच्या खोलीतून पिवळ्या रंगाचा डबा मागवला आणि भोकाभोवती धोक्याचं रिंगण स्वतःच्या हाताने रंगवलं.