पानावरचा तळहात

रूपालीच्या लग्नात पौर्णिमाच्या हाती मिठाचं ताट आलं, कारण दुसरं काही तिच्या हाती द्यायची कोणाची हिंमतच नव्हती. आदल्या लग्नात तिनं एका मामांच्या धोतरावर कढी वाढली होती.

अंजनगाव सुर्जीच्या त्या मांडवात अजून पंगत बसायची. बुफेचं नाव काढलं की पौर्णिमाचे बाबा, खुशालराव, म्हणायचे, "ताट घेऊन रांगेत उभं राहाले मी काय रेशनच्या दुकानात आलो?" रूपाली त्यांची पुतणी, त्यामुळे शब्द त्यांचाच चालला. पान मांडलं की आधी मीठ, ही जुनी रीत. मिठाला कौशल्य लागत नाही, म्हणून ते नेहमी नवख्या पोरींच्या हाती जातं… आणि अशा पोरींकडे पंगतीतल्या किती नजरा वळत आल्या, ते मांडवाच्या खांबांनाच ठाऊक.

चिमूट चिमूट टाकत, साडी सावरत पौर्णिमा पुढे सरकत होती. आणि एका पानावर अचानक एक तळहात आडवा आला.

"मीठ नको."

तिनं वर पाहिलं. बदामी कुर्ता, पिंगट डोळे आणि ओठांच्या कोपऱ्यात दडवलेलं हसू.

"मिठाला नाही म्हणणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. साखर आणू?"

"आणा… पण वाढायला तुम्हीच या."

शेजारचे काका उगाच खोकले. पौर्णिमाचे कान तापले. तरी फिरत फिरत ती पुन्हा त्याच पानापाशी आली. सहज, असं तिनं स्वतःला बजावलं. तळहात पुन्हा आडवा.

"विसरभोळ्या आहात का?"

"नाही. तुम्हाला आठवते का, ते पाहून राहिली होती."

हात धुवायच्या नळापाशी कळलं की तो पियुष, नवरदेवाचा अकोल्याचा मित्र. माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला.

"कारण सांगा आता," पौर्णिमा म्हणाली.

हात पुसता पुसता तो थांबला. "दोन वर्षांआधी बीपी निघालं. किडनीवर ताण आलाय, म्हणाले डॉक्टर. थोडाच आहे. तो थोडाच राहावा म्हणून हा खटाटोप." मग आवाज उतरला. "हे ऐकलं की मुलीकडचे लोक अर्धा चहा तसाच ठेवून उठतात."

"मी चहा पीतच नाही," ती पटकन म्हणाली. "म्हणजे… अर्धा ठेवायचा प्रश्नच नाही."

तो हसला, आणि नळ बंद करायचाच राहिला.

पौर्णिमा अमरावतीला शाळेत शिकवायची, तो अकोल्याला. मधोमध मूर्तिजापूर. मग रविवारी दोन बाजूंनी दोन गाड्या यायच्या आणि दोन माणसं उतरायची.

"रिक्षा करू?" ती विचारायची.

"पायी चल ना. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय… आणि चालताना तू जास्त बोलतेस."

तिनं पहिल्यांदा आणलेल्या डब्यात मीठ जवळजवळ नव्हतंच, पण लसूण मात्र सगळ्या तालुक्याचा होता. पियुषनं डोळ्यांतलं पाणी न पुसता डबा संपवला. हळूहळू तिचा हात बसला. भाजलेलं जिरं, लिंबू, तिळाचं कूट, हिरवीगार आंबाडी. एकदा शेजारणीनं सांगितलं म्हणून किडनी साफ करणारी कसलीशी पूड तिनं मोठ्या मायेनं आणली. त्यानं डबी उलटसुलट पाहिली आणि तिच्या हातात परत ठेवली. बोटं मात्र लगेच सोडवली नाहीत.

"आत काय आहे ते लिहिलेलं नाही, पौर्णिमा. माती तपासल्याशिवाय मी खतसुद्धा सांगत नाही कोणाला. माझं साधं आहे. वेळेवर गोळी, वेळेवर झोप, चालणं… आणि तुझा डबा."

गाडी लागली. ती पायरीवर चढली, तेव्हा खालून तो म्हणाला, "बरा होईन असं वचन नाही देता येत मला. जपून राहीन, एवढंच देऊ शकतो."

"मला तेवढं पुरतं," ती म्हणाली. "बाबांना किती लागतं, ते पाहू आता."

बाबांना फार लागत होतं.

पियुष अंजनगावला घरी आला, तेव्हा खुशालराव गुडघे धरत पानमळ्यातून नुकतेच आले होते. त्यांनी स्वतः ठेचा वाढायला घेतला. "घ्या! जवान मानूस तुमी, लाजता काहून?"

तळहात आडवा. "ठेचा नको, काका. आंबाडी दोनदा घेतो."

चमचा हवेतच राहिला. "माह्या घरचं मीठ चालत नाई तुमाले?"

पौर्णिमानं मग सगळंच सांगून टाकलं. आई, गोदाबाई, दाराशी खिळल्यासारखी उभी राहिली.

"आजारी हाय म्हना ना मंग!" खुशालरावांचा आवाज चढला, पण चढता चढता फाटला. "एकुलती एक पोरगी मायी. तिले दवाखान्याच्या पायऱ्या चढाले लावू?"

"भीती खरी आहे, काका. मलाही वाटते," पियुष म्हणाला. त्याची नजर त्यांच्या पायांवर होती. चपलेच्या पट्ट्याची खूण सुजलेल्या पायात खोल रुतलेली. "गुडघ्यासाठी गोळ्या घेता?"

"रोज घेतो! दुकानातून आनतो. काय होते त्यानं?"

"जमिनीत क्षार साचला तरी पीक काही दिवस हिरवंच दिसतं, काका. पाणी निघायचं थांबलं की कळतं. एकदा बीपी, रक्त, लघवी तपासून घ्या. माझ्या सांगण्यावरून नको… पानमळ्यासाठी."

"मले आजारी म्हनतं का बे तू?"

पियुष नमस्कार करून निघाला. त्याची पाठ वळणावर दिसेनाशी झाली, तशी पौर्णिमा आत गेली आणि जेवली नाही.

पण खुशालरावांना ते वाक्य डाचत राहिलं. पुढच्याच आठवड्यात ते अमरावतीला गेले, पौर्णिमाला सोबत घेऊन. "माहा रिपोर्ट पाह्य आन् त्या पोट्ट्याचा पाह्य. मंग बोल लग्नाचं!"

रिपोर्ट आला. त्यांच्या किडनीवर पियुषपेक्षा जास्त ताण होता. बीपी तर कधीचंच वाढलेलं. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, बीपीची गोळी दिली, मिठावर बोट ठेवलं. "वेळेत आलात," एवढं मात्र म्हणाले.

परतीच्या गाडीत खुशालराव खिडकीबाहेर पाहत बसले. परतवाड्याच्या स्टँडवर गरम समोसेवाला खिडकीशी आला. त्यांचा हात बाहेर गेला… आणि रिकामाच आत आला.

"पुनम," तिच्या लाडक्या नावानं हाक मारत ते म्हणाले, "त्या पोट्ट्याच्या आंबाडीत तू मिठाऐवजी काय टाकतं?"

पौर्णिमानं तोंडाला पदर लावला. हसू आणि रडू दोन्ही एकदमच आलं होतं.

त्यानंतर पियुषचा फोन सकाळी लागेचना.

"कोणाशी बोलून राहतोस रोज?" एकदा तिनं लटक्या रागानं विचारलं.

"तुझ्या बाबांशी. ते बांधावर चालतात, मी इकडे चालतो. आज त्यांनी जिरं जाळलं म्हणे… फार दुःखात होते."

पाणी भरपूर प्यावं की बेतानं, रात्री किती वाजता झोपावं, सारं त्या फोनवर चालायचं. पटलं नाही तर दोघं मिळून डॉक्टरांना विचारायचे. पायांची सूज ओसरली, बीपी खाली आलं. आणि पुढच्या तपासणीत दोघांच्याही किडनीचे आकडे होते तिथेच होते. तसूभरही घसरले नव्हते. गोळ्या आणि तपासण्या सोडायच्या नाहीत, डॉक्टरांनी बजावलं. पण खुशालरावांनी दोन्ही रिपोर्ट गोदाबाईच्या मांडीवर असे ठेवले, जसे मॅट्रिकचे निकाल.

"दोघं बी पास! भटजीले बलाव."

त्याच अंगणात मांडव पडला. पंगत बसली. या वेळी मिठाचं ताट होतं रूपालीच्या हाती. नवरदेवाच्या पानाशी ती वाकली. तळहात आडवा.

"झालं का सुरू?" ती कुरकुरली. शेजारी नवरी. पौर्णिमानं मेंदीचा हात पानावर ठेवला. तिच्या पलीकडे खुशालराव. रूपालीनं हसत मोठी चिमूट उचलली… काकांना तर एवढी लागायचीच.

काळ्या मातीत राबलेला रुंद तळहात पानावर सावकाश येऊन टेकला.

मग गोदाबाईच खुदकन हसली.

"बाप्पा! मंग हे वाढू तरी कोनाले?" रूपाली म्हणाली.

"त्या फोटोवाल्याले वाढ," खुशालराव म्हणाले. "आन् त्याले म्हना, आधी आमच्या या तिघाइच्या हातांचा फोटो काढ!"