गळलेला काना

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्या शिक्षकखोलीत एक सैलपणा असतो. कपाटांची दारं उघडी, टेबलांवर रद्दीचे ढीग, कुणी तरी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेलं. त्या वर्षीही तसंच होतं. मी वरच्या वर्गांच्या गुणांच्या बेरजा शेवटच्या एकदा ताडून बघत होते. तेवढ्यात मुख्याध्यापक पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आत आले.

"सुट्टीत मुलांना वाचा म्हणतो, मग आपणही वाचलं पाहिजे," ते म्हणाले. "हे प्रत्येकाला माझ्याकडून एकेक. शाळा उघडायच्या आधी वाचनालयात जमू. संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. सगळ्यांनी थोडं थोडं मोठ्याने वाचायचं."

शिक्षकांनी उन्हाळ्यात काय वाचावं, असा पुस्तकाचा विषय होता. मुखपृष्ठावर सरांचं नाव. मी पहिलं पान उघडलं आणि माझी कानशिलं तापली.

पुस्तक त्यांचं नव्हतं. ते आमच्या भाषेच्या बाईंचं होतं. त्याच हिवाळ्यात ती छातीच्या दुखण्याने गेली होती.

ती माझी मैत्रीण. मुलं तिला पाठीमागे 'कानामात्रा' म्हणत, कारण वहीतला एकही चुकलेला काना तिच्या लाल पेनातून सुटत नसे. तिला हे नाव माहीत होतं आणि आवडतही होतं. जेवणाच्या सुट्टीत ती मला तिच्या लिखाणातलं वाचून दाखवायची. कोणत्या स्वभावाच्या शिक्षकाने कसलं पुस्तक वाचावं, याच्या गमतीदार शिफारशी, आणि जोडीला वर्गातले प्रसंग. तापट मास्तरांना तिने समुद्रप्रवासाची वर्णनं सुचवली होती, कारण जहाजावरून पाय आपटत निघून जायची सोय नसते. गणितवाल्यांनी एक तरी भुताची गोष्ट वाचावी, असंही होतं. "उत्तर सापडलं नाही की झोप उडते ना तुमची? जरा सवय करा," म्हणत ती माझ्याकडे बघून हसली होती.

हे सगळं लिखाण तिने प्रस्तावनेसाठी सरांकडे दिलं होतं. तेवढी एकच प्रत. ती परत आली नाही.

मी त्याच दुपारी सरांच्या खोलीत गेले.

"हे तिचं आहे," मी म्हणाले.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "काही पुरावा?"

"मी ऐकलंय. तिच्या तोंडून."

"ऐकलेल्याला कोण विचारतं, बाई? आणि पुस्तक बघा तरी. मी वर्गात शिरलो, मी फळ्याकडे वळलो. सगळं पुरुषाच्या तोंडचं आहे. कुठली बाई असं लिहील?"

ते हसले. मी पुस्तकाकडे बघत राहिले. शिरलेचं शिरलो, वळलेचं वळलो. माणसाने बसून पानापानावर एकेक काना ओढला होता, आणि तेवढ्यावर तिचं पुस्तक त्यांचं झालं होतं. बाकी एका स्वल्पविरामालाही धक्का लावलेला नव्हता.

त्या दिवसापासून त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत होतं. उगाच कशाला लपवू? सकाळी दात घासताना वाटायचं, भाजी चिरताना वाटायचं.

माझ्या आईला डोळ्यांनी कमी दिसतं. दुपारी पडदे ओढून, पंख्याखाली बसून मी तिला काहीबाही वाचून दाखवते. एके दिवशी रागारागाने तेच पुस्तक घेतलं. निदान एका माणसाच्या कानावर तरी ते नीट जावं, म्हणून. चारपाच पानं झाली असतील.

"कोण गं ही बाई?" आई म्हणाली. "छान लिहिते."

"बाई नाही. आमचे मुख्याध्यापक."

"मग मघापासून मी गेले, मी बसले, काय चाललंय तुझं?"

मी पानाकडे पाहिलं. तिथे 'गेलो' होतं. 'बसलो' होतं. सवय, मी स्वतःला सांगितलं. जन्मभर 'गेले' म्हणणाऱ्या जिभेला तेच येणार. मग अक्षराखाली बोट धरून सावकाश वाचलं. डोळ्यांना 'लो' स्पष्ट दिसत होतं. तोंडातून 'ले' आलं. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. ओठ गोल करायचे मी ठरवत होते आणि ते होत नव्हते. बधिर केलेल्या दातासारखी त्यांची जाणीवच गेली होती.

मी पुस्तक मिटलं. ऊन फार आहे, झोप नीट होत नाही, राग डोक्यात गेलाय, अशी कारणं मी एकेक करून स्वतःला पटवली. गणित शिकवते मी. असल्या गोष्टींना थारा देत नाही.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "तिला बोलू दे की."

वाचनालयात जमलो त्या दिवशी झळा लागू नयेत म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. तापलेली धूळ आणि बांधणीची खळ यांचा वास कोंडून राहिला होता. पुढे अध्यक्ष, शेजारी सर. सरांनी नवा सदरा घातला होता.

सुरुवात खेळाच्या सरांनी केली. भरघोस मिशा, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचेल असा आवाज.

"मी वर्गात शिरले, आणि..."

हशा पिकला. तेही हसले, घसा खाकरला.

"मी वर्गात शिरले..."

या वेळी हसणारे कमी होते. तिसऱ्यांदा त्यांनी पहिलीतल्या मुलासारखं अक्षर अक्षर फोडलं. "शि, र, ले." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पुस्तक शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या सरांपुढे धरलं. "अहो, काय लिहिलंय हे?"

"शिरले," चित्रकलेचे सर म्हणाले. आणि त्यांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला.

कुणी हसलं नाही. पंख्याचं एक पातं कशाला तरी घासत होतं, ते ऐकू यायला लागलं.

"उन्हाने डोकी फिरलीत सगळ्यांची," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग तुम्हीच वाचा की," अध्यक्ष म्हणाले. "लेखकाच्या तोंडून ऐकण्यात वेगळी मजा आहे."

सर उठले नाहीत. त्यांचा हात पुस्तकावर होता, पण पुस्तक उघडत नव्हता. तेव्हा मी बोलले.

"वाचा ना, सर. तुमचंच तर आहे."

माझ्या आवाजातला आनंद मला स्वतःला ऐकू आला.

ते उभे राहिले. पहिली दोन वाक्यं नीट गेली. त्यांत 'मी' नव्हता.

"मी फळ्याकडे वळले."

ते थांबले. चष्मा सारखा केला. नखाने पानावरचं ते अक्षर खरवडलं.

"वळले."

आवाज त्यांचाच होता. जाडा, जरा घोगरा, रोज प्रार्थनेनंतर सूचना देणारा. मला वाटलं होतं आता ते पुस्तक खाली टाकतील. त्यांनी टाकलं नाही. उलट मान वर केली आणि पानाकडे न बघता पुढे वाचत राहिले.

"मला ताप होता. तरी मी आले. सर म्हणाले, घाई काय आहे, बाई? आधी बऱ्या तर व्हा. खण अर्धा उघडा होता. त्यात माझे कागद होते. माझं अक्षर मला दिसत होतं. मी हात पुढे केला. सरांनी गुडघ्याने खण लोटला."

मी माझी प्रत चाळत होते. हे त्या पानावर नव्हतं. कुठल्याच पानावर नव्हतं. तिने मलाही हे कधी सांगितलं नव्हतं.

"माझं बोट चेमटलं. मी ओरडले नाही."

सरांनी उजव्या हाताचं बोट मुठीत धरलं होतं.

अध्यक्ष अर्धवट उठले. "सर, बसा तुम्ही. पाणी आणा रे कुणी तरी."

"नको," सर म्हणाले. "मी उभीच राहते."

अध्यक्षच परत खाली बसले.

"मला बसायला सांगितलं नव्हतं."

शाळा उघडली. सर रजेवर होते. पुस्तकाच्या प्रती कुणी गोळा केल्या, कुठे गेल्या, यावर शिक्षकखोलीत एक शब्द निघाला नाही. खेळाचे सर बरेच दिवस खुणांनी आणि शिट्टीनेच काम भागवत होते.

एका दुपारी सरांची बायको माझ्या घरी आली. आमची ओळख नावापुरती. तिला मी खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"भाषेच्या बाई तुमच्या मैत्रीण होत्या ना?" तिने विचारलं.

"हो."

"हे मला वहिनी म्हणतात."

मला दया यायला हवी होती. मी वाट पाहिली, ती आली नाही.

"सकाळी उठून बाहेर जातात," ती सांगू लागली. "दार स्वतःच ओढून घेतात आणि बेल वाजवतात. मी उघडलं की विचारतात, वहिनी, सर आहेत का? मी म्हणते, अहो, असं काय करता, तुम्हीच ना सर? तर म्हणतात, असू दे, मी थांबते. आणि जिन्यात बसून राहतात. जेवायला येत नाहीत. ऊन अंगावर आलं तरी हलत नाहीत. शेजारीपाजारी बघतात हो."

"डॉक्टर?"

"दाखवलं. डॉक्टरांशीही तेच. मी बरी आहे, म्हणाले."

आतल्या खोलीत आईने कूस बदलल्याचा आवाज आला. ती बाई दचकली, मग तिने हातातला रुमाल घडी घालून मांडीवर ठेवला.

"आज मला बघवेना. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं. सर नाहीत. सर आता यायचे नाहीत."

"मग?"

"हसले. किती दिवसांनी हसले. म्हणाले, बरं झालं, वहिनी. मग येते मी आत."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"आणि मी दारातून बाजूला झाले."