हमीदाची झील

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर हसून सोडून द्या. पण हे घडलंय, आणि जिच्या बाबतीत घडलं ती रशीदा हडपसरला अजून राहते. तिने सांगितलं तसंच सांगतो.

भुतं रात्रीच भेटतात असं समजणाऱ्यांनी तर जरूर वाचा.

हे घडलं दुपारी. तीनच्या खेळाला. १९९८ चा डिसेंबर, सदाशिव पेठेजवळचं एक जुनं थिएटर. नाव सांगत नाही, तिथे आता दुकानं आहेत.

रशीदा आणि तिची थोरली बहीण हमीदा, दोघी लावणीच्या फडात वाढल्या. रशीदा पुढे नाचायची, गायची. हमीदा मागे उभी राहून झील धरायची. म्हणजे रशीदाने ओळ म्हटली की तिचे शेवटचे शब्द उंच सुरात उचलून लांबवायचे. तो सूर असा चढायचा की तंबूबाहेरची माणसंसुद्धा थबकायची.

झील पोचेपर्यंत रशीदा थांबायची. डाव्या खांद्यावरून मागे बघायची. हमीदा डोळ्यांनी हसायची. मगच पुढची ओळ.

मग रशीदाला सिनेमा मिळाला. १९७१ साली. नाचायचंही तिनेच, गायचंही तिनेच. ती हमीदाला घेऊन रेकॉर्डिंगला गेली. संगीतकाराने हमीदाचा आवाज ऐकला, वाहवा केली आणि म्हणाला, "पडद्यावर एकच बाई दिसणार. दुसरा आवाज कुठून आला म्हणतील लोक. झील नको."

हमीदा लवंग चघळत बाहेर बाकावर बसून राहिली. गळ्यासाठी तिच्या तोंडात कायम लवंग असायची.

शूटिंगला मात्र पंचाईत झाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ओळ संपली की रशीदाची मान मागे वळायचीच. सहायक दिग्दर्शक पक्का पेठेतला. तो म्हणाला, "बाई, कॅमेरा इकडे आहे. मागे नुसती भिंत आहे, तिला अभिनय दाखवून काय उपयोग?"

सगळे हसले. त्यानंतर रशीदाने मान वळवली नाही.

हे तिने घरी येऊन सांगितलं, तेव्हा हमीदा एवढंच म्हणाली, "मी नसले तरी मागं बघत जा गं. न्हायतर वाटतं, तुला माझी गरजच न्हाई."

सिनेमा लागायच्या आधीच हमीदा काविळीने गेली.

रशीदाचं नाव झालं. पुढे आणखी सिनेमे केले, नाटकं केली. पण एक गोष्ट तिला रात्रंदिवस खात राहिली. हमीदाचा आवाज कुठेच राहिला नव्हता. ना तबकडीवर, ना टेपवर. "एकदा, फक्त एकदा ऐकू दे," असं ती प्रत्येक नमाजानंतर मागायची.

म्हणून तो सिनेमा पुन्हा लागलाय असं मुलगा युसूफ सांगत आला, तेव्हा ती जायला तयार होईना. त्या गाण्यात हमीदा नाही, मग काय बघायचं? सून कमरजहांने हट्टाने नेलं.

बाल्कनीची शेवटची रांग. पाठीमागे भिंत. अख्ख्या बाल्कनीत या दोघीच.

गाणं सुरू झालं. पडद्यावर तरुण रशीदा, हातात निरांजन.

"उंबऱ्यावरती दिवा ठेविला, सजणा याल का..."

इथे लगेच पुढची ओळ येते. रशीदाला एकेक मात्रा पाठ होती.

पण पुढची ओळ आली नाही...

ढोलकी थांबली.

पडद्यावरच्या रशीदाने डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं.

खुर्चीतली रशीदा गार पडली. सिनेमात असं नव्हतं. तिने मान वळवलीच नव्हती!

आणि मग...

तिच्या पाठीमागून, जिथे फक्त भिंत होती तिथून, उंच सूर आला.

"याल काऽऽऽ..."

हमीदा!

सत्तावीस वर्षं जे मागितलं ते आलं होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वळावं, बघावं, पाय धरावेत, सगळं एकदम वाटलं. पण मान हलेना. खोटं कशाला बोला, भीती वाटत होती.

पडद्यावर ओळ पुन्हा आली. पुन्हा ती थांबली, पुन्हा वळली. पडद्यावरची रशीदा मागे बघून हसत होती. कोणाकडे, ते दिसत नव्हतं.

या वेळी सूर मोठा नव्हता. जवळ होता. अगदी कानाशी.

"याल का..."

मानेवर गार श्वास लागला.

लवंगेचा वास आला.

रशीदाने डोळे गच्च मिटले. "आपा, माफ कर," एवढंच तिच्या तोंडून निघालं. उघडले तेव्हा गाणं संपलं होतं.

"ऐकलंस?" तिने सुनेला विचारलं.

"काय अम्मी? मधे दोनदा आवाज गेला तेच ना? रीळ जुनं झालं असेल."

पुढे युसूफने त्या सिनेमाची सीडी आणली. त्यात ढोलकी कुठे थांबत नाही. रशीदा समोरच बघते.

तिने गाणं सोडलं. गुणगुणणंसुद्धा. पण बाईचा जन्म गाण्यात गेलेला. एकदा मेथी निवडता निवडता नकळत ओळ ओठांवर आली. "उंबऱ्यावरती दिवा ठेविला, सजणा..."

भान आलं तशी तिने जीभ चावली. पुढचे शब्द म्हटलेच नाहीत.

स्वयंपाकघरात शांतता...

आणि बाहेरच्या खोलीतून कमरजहां ओरडली, "अम्मी, किती वर्षांनी गायलात! ते 'याल का' किती उंच घेतलंत हो! आवाज अजून तसाच आहे."

रशीदाने मागे पाहिलं नाही. आजवर पाहिलेलं नाही. ज्या आवाजासाठी ती जन्मभर रडली, तो आता येऊ नये म्हणून ती दुवा मागते.

हे सगळं तिने मला सांगितलं तेव्हा ती भिंतीला पाठ घट्ट टेकून बसली होती. हल्ली ती अशीच बसते. मागे जागाच ठेवायची नाही, म्हणाली.

त्या थिएटरातही मागे भिंतच होती, हे मी तिला बोललो नाही.