रुमालाखालची चकती

रसिक वाचकहो, पुढील कथेत प्रेम आहे. परंतु ते गोड नसून संतप्त आहे, हे आरंभीच नम्रपणे निवेदन करतो.

दगड कापण्याच्या एका कारखान्यात संशोधक तरुणीने पाऊल टाकले, तोच धुळीच्या लोटातून आलेला एक कारागीर तिच्यावर आदळला. तिच्या काळ्याभोर केसांवर राखाडी भुकटी बसली.

"अरेरे... एका धक्क्यात आजीबाई केलं की तुम्हाला!" तो ओशाळून म्हणाला.

ती रागावली, तथापि ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलेच.

कामगारांच्या श्वासात किती धूळ जाते, हे मोजणे तिचे कर्तव्य होते. प्रत्येकाच्या कॉलरला ती एक नळी अडकवी. नळीच्या तोंडाशी शुभ्र चकती असे आणि तिच्यावर दिवसभराची धूळ जमे. या कारागिराच्या कॉलरपाशी मात्र तिची बोटे अंमळ रेंगाळली...

संध्याकाळी सर्वांच्या चकत्या राखाडी निघाल्या. त्याची कोरी करकरीत!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मालकानं पढवलं ना? खुंटीला टांगून ठेवलीत?"

"मालकाचं नाव काढू नका! दिवसभर गळ्याशीच होती." तोही भडकला. "वर रुमाल बांधला होता... महागाची वस्तू, खराब झाली असती."

"अहो शहाणे! ती खराब व्हायलाच आणली होती!"

"तुमच्या हातची, म्हणून जपली... चुकलं."

"आणि छाती? ती कोण जपणार? सकाळपासून खोकताय, मला ऐकू येत नाही?"

"तुम्ही ऐकत होता?" तो हळूच म्हणाला. "मग खोकला सार्थकी लागला."

"थट्टा पुरे! मला जन्मभर भांडायला माणूस हवाय... खोकून खोकून अर्ध्यावर जाणारा नकोय!"

बोलून गेल्यावर ती स्वतःच दचकली.

दुसऱ्या दिवशी त्याने रुमाल बांधला नाही. त्याची चकती सर्वांहून गडद निघाली. ती घेऊन तरुणी मालकापुढे उभी राहिली. "करवतीवर पाण्याची धार सोडा. धूळ जागीच बसेल."

"बघू सवडीनं," मालक उद्गारला.

तत्क्षणी कारागिराने आपली करवत बंद केली. "पाणी आलं की चालू करीन."

"कामावरून काढीन तुला!"

"काढा. मला ठेवून घेणारं माणूस मिळालंय." मग तो तिच्याकडे वळला. "मिळालंय ना?"

"हे विचारायची ही जागा आहे?" ती कडाडली. "...हो!"

मागे एकेक करवत थांबत गेली. मालकाला पाण्याची धार बसवावीच लागली.

शेवटपर्यंत सोबत केल्याबद्दल आपला ऋणी,
पाषाणपुत्र