हाकेचा धडा

बारामतीत बसून मी भाषा शिकवणारं सॉफ्टवेअर बनवतो, परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी. ते बोलतं, मुलाचं उत्तर ऐकतं आणि उत्तर बरोबर असेल तर पुढच्या धड्यावर नेतं. गावाकडचा आवाज हवा म्हणून मार्चमध्ये पळसदेवला आक्काबाईंकडे गेलो. बाजारात मासे विकून त्यांचा आवाज चांगलाच खणखणीत झालेला.

ओट्यावर उजनी धरणाच्या पाण्याकडे तोंड करून त्यांनी शंभरेक वाक्यं म्हटली. पहिल्या धड्याला मात्र अडून बसल्या. त्यात शिकणाऱ्याला नावानं हाक मारायची होती आणि त्यानं ‘ओ’ द्यायची होती.

“समोर नसल्याल्या माणसाला नाव घिऊन हाक मारायची नसती, केशवराव. कोन ओ दील, काय नेम?”

मी हसलो. शहाणपणा माझ्या अंगात जरा जास्तच. “माझ्या पोरीचंच नाव घ्या की. सई. ती तिकडं शाळेत आहे, इथं कोण ओ देणार?”

आक्काबाईंनी डोळे मिटून हाका मारल्या. मग उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी घरी चाचणी लावली. बाहेर ऊन रणरणत होतं. सई शेजारी चित्र रंगवत होती. माइक मी बंद ठेवला होता.

“सई गं...”

उत्तरासाठी ठेवलेली पाच सेकंदं शांततेत गेली. मग पडद्यावर हिरवी खूण उमटली. उत्तर बरोबर!

म्हटलं, काहीतरी बिघडलंय. तोवर पुढचा धडा सुरू झाला.

“कुठं हायस?”

पुन्हा हिरवी खूण. खोलीत ओल्या गाळाचा वास आला.

“हिकडं ये...”

तिसरी खूण उमटायच्या आत मी लॅपटॉप बंद केला आणि सईला छातीशी धरलं. एकुलती एक पोर आहे हो माझी! त्याच दिवशी तो धडा पुसून टाकला.

त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून हाक मारली की सई ओ देत नाही, समोर बसून नुसती बघत राहते. काल मी वैतागून तिला विचारलं, “अगं, ओ का देत नाहीस?”

तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, “मी द्यायच्या आधीच ती देते ना, बाबा...”